गुरांचा आजार : संसर्गजन्य की असंसर्गजन्य?
पारख व प्रतिबंध

गोठ्यातील एखादे जनावर आजारी पडले म्हणजे पशुपालकापुढे पहिला प्रश्न औषधाचा उभा राहतो. वस्तुतः त्यापूर्वी दुसराच एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. हा आजार शेजारच्या जनावरास होण्यासारखा आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर बाब एका जनावरापुरती राहत नाही. ती गोठ्याची, आळीची आणि पुष्कळदा पंचक्रोशीची होते. उत्तर नकारार्थी असेल तर दोष बहुधा त्या दिवशीच्या चाऱ्यात, आंबोणात किंवा निगेत सापडतो आणि तेथेच तो दुरुस्त करता येतो. या दोहोंत गल्लत झाल्यास हानी मोठी होते. विषबाधेस साथ समजून वेळ दवडला तर जनावर दगावते. साथीच्या रोगास अपचन समजून तेच जनावर सामाईक हौदावर पाण्यास नेले तर रोग गावभर पसरतो.

संसर्गजन्य रोगाचे मूळ सजीव असते. ते जिवाणू, विषाणू, रक्तातील सूक्ष्म परजीवी किंवा बुरशी यांपैकी काही तरी असते. काळपुळीचा जिवाणू आणि त्याचे बीजाणू यांचा जीवनक्रम रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने १८७६ साली दाखवून दिला, तर लाळ्या-खुरकुताचे कारण जिवाणूंहूनही सूक्ष्म आहे हे लफ्लर व फ्रॉश यांनी १८९८ साली सिद्ध केले. असंसर्गजन्य आजाराचे मूळ मात्र खाद्यातील बिघाड, विष, क्षारांची उणीव, इजा, ऊन अशा गोष्टींत असते. असे जनावर दुसऱ्यास आजार देऊ शकत नाही.

येथे एक खुलासा अवश्य आहे. प्रत्येक संसर्गजन्य रोग स्पर्शाने पसरतोच असे नाही. फऱ्या रोगाचे बीजाणू जमिनीत असतात व चाऱ्याबरोबर पोटात जातात. आजारी जनावराशेजारी बांधल्यामुळे तो सहसा होत नाही. गोचीडताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. म्हणून ‘जनावर वेगळे बांधले, आता भय नाही’ हा समज सर्वच रोगांच्या बाबतीत खरा ठरत नाही. रोग कोणत्या वाटेने येतो ते ओळखून ती वाट अडवावी लागते.

गोठ्यात करावयाची पारख

निदान करणे हे पशुवैद्यकाचे काम होय. तथापि त्यांना कळविताना ग्रामकार्यकर्त्याने तीन गोष्टी पाहून ठेवल्यास बराच वेळ वाचतो. पहिली गोष्ट ताप. निरोगी गाईचे गुदद्वारातील तापमान साधारणपणे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. घटसर्पात ते १०६ अंशांपर्यंत चढते. पोटफुगीत व विषबाधेत बहुधा वाढत नाही. उष्माघात हा याला ठळक अपवाद आहे, कारण त्यात संसर्ग नसूनही अंग तापते. कानास हात लावून ताप जोखण्याची सवय फसवी आहे. प्रत्येक गोठ्यात नाही तरी प्रत्येक वस्तीवर एक तापमापक असावा, त्याची किंमत एका दिवसाच्या दुधाहून फारशी अधिक नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे किती जनावरे आजारी पडली व कोणत्या क्रमाने. आज एक, तीन दिवसांनी दोन, आठवड्याने शेजाऱ्याची चार असा क्रम दिसल्यास संसर्गाचा संशय घ्यावा. एकाच वेळी, एकाच शेतात चरलेली अनेक जनावरे तासाभरात कोसळली तर विषाचा संशय प्रथम घ्यावा. तिसरी गोष्ट मागील आठ-पंधरा दिवसांची हकीगत. बाजारातून नवे जनावर आणले काय? चारा बदलला काय? पेंडीचे नवे पोते फोडले काय? फवारणीचे औषध गोठ्यात ठेवले होते काय? गाय नुकतीच व्याली आहे काय? पशुपालक अशा बाबी आपण होऊन सांगत नाहीत, त्या विचाराव्या लागतात.

अकस्मात मृत्यू

सकाळी धडधाकट असलेला बैल दुपारी मरून पडतो आणि त्याचे पोट टम्म फुगलेले दिसते, तेव्हा ही पारख सर्वांत अवघड व सर्वांत महत्त्वाची ठरते. अशा वेळी तीन शक्यता विशेषेकरून ध्यानात घ्याव्या : साधी पोटफुगी, कोवळ्या ज्वारीची विषबाधा आणि काळपुळी.

कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेस काही भागांत ‘किराळ लागणे’ म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या धाटांत असणाऱ्या एका द्रव्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेले पीक आणि कापणीनंतर खोडव्यास आलेले फुटवे अधिक धोक्याचे असतात. जनावर खाल्ल्यापासून थोड्याच वेळात धापा टाकू लागते, तोंडाला फेस येतो, झटके येतात आणि ते आडवे होते. रक्त लालभडक दिसते. यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची शिरेतून दिली जाणारी उताराची औषधे आहेत, परंतु ती पशुवैद्यकानेच द्यावयाची असतात आणि त्यास वेळ फारच थोडा असतो. प्रतिबंध मात्र सोपा आहे. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवी चारू नये, आणि कापणी झालेल्या रानात फुटवे दिसत असता गुरे मोकळी सोडू नयेत. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष बरेच कमी झालेले असते.

काळपुळी, म्हणजेच फाशी, हा जिवाणूजन्य रोग आहे. त्यातही मृत्यू अकस्मात येतो आणि पोट झपाट्याने फुगते. फरक असा की नाक, तोंड, गुदद्वार यांतून काळसर, न गोठणारे रक्त येते आणि प्रेत नेहमीप्रमाणे ताठर होत नाही. ही चिन्हे प्रत्येक प्रेतात दिसतीलच असे नाही. म्हणून ती नाहीत एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. अशा संशयित प्रेतावर कोणीही सुरी चालवू नये. पोट का फुगले हे पाहण्यासाठी ते फाडणे आणि कातडे वाया जाऊ नये म्हणून ते सोलणे, ही दोन्ही कामे घातक होत. प्रेत बंद असेपर्यंत आतील जिवाणू कुजण्याच्या क्रियेत बव्हंशी नष्ट होतात; परंतु रक्तास हवा लागली म्हणजे ते बीजाणूंचे रूप घेतात, आणि हे बीजाणू मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. कातड्याचे चार पैसे मिळविण्यापायी गायरानाचा एखादा तुकडा पुढील पिढीसाठी धोक्याचा करून ठेवण्यासारखे ते आहे. शिवाय हा रोग मनुष्यासही होतो. प्रेत हाताळल्यानंतर काही दिवसांत कातडीवर फोड येऊन त्यावर न दुखणारी काळी खपली धरल्यास त्या व्यक्तीने तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व मृत जनावराची हकीगत तेथे सांगावी. वेळीच उपचार झाल्यास रोग बरा होतो.

निदानासाठी पशुवैद्यक कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात. प्रेत उघडण्याची गरज पडत नाही. ते येईपर्यंत कुत्री व पक्षी दूर ठेवावेत. नंतर विहीर, ओढा व चराई यांपासून दूर निदान सहा फूट खोल खड्डा घेऊन प्रेताच्या खाली व वर कळीचा चुना पसरावा आणि पुरावे. रक्ताने भिजलेली माती व वैरण त्याच खड्ड्यात टाकावी. जागेभोवती काटेरी कुंपण घालून ती गावास ठाऊक करून द्यावी.

पावसाळ्याच्या तोंडी येणारे रोग

घटसर्प व फऱ्या हे पावसाच्या आरंभी डोके वर काढतात. घटसर्पात गळ्याखाली गरम व दुखरी सूज येते, घशातून घरघर ऐकू येते आणि जनावर पुष्कळदा एका दिवसात दगावते. म्हशी यास अधिक बळी पडतात. फऱ्या सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या अंगाने चांगल्या भरलेल्या वासरांस विशेषेकरून होतो. मांडीवर अगर खांद्यावर सूज येते आणि ती दाबली असता चरचर आवाज होतो. दोन्ही रोगांवरील लसी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात अथवा जूनच्या आरंभी टोचून घ्याव्यात. रोग दिसल्यावर धावपळ करणे व्यर्थ नसले तरी उशिराचे असते, कारण लस टोचल्यापासून प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात.

लाळ्या-खुरकुताने प्रौढ देशी जनावर सहसा मरत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ते योग्य नाही. दूध आटते, बैल नांगराच्या कामाचा राहत नाही आणि लहान वासरे हृदयावर परिणाम होऊन मरतात. ऊसतोडीच्या हंगामात दूरदूरची बैलजोडी कारखान्याच्या आवारात एकत्र येते आणि तेथून रोग परतीच्या वाटेवरील गावांत पोहोचतो. हंगामास निघण्यापूर्वी तीन आठवडे बैलांस लस देण्याचा आग्रह ग्रामकार्यकर्त्याने धरावा. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस सहा महिन्यांच्या अंतराने दिली जाते. त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्या यांस सांसर्गिक गर्भपाताची लसही मिळते.

लम्पी त्वचारोग भारतात २०१९ मध्ये आला आणि २०२२ साली महाराष्ट्रातील गोधनास त्याने मोठा तडाखा दिला. अंगभर गाठी येणारा हा रोग माश्या, डास व गोचीड यांमार्फत विशेषेकरून पसरतो. म्हणून शेणखड्डा गोठ्यापासून दूर नेणे व भिंतींच्या भेगा बुजवून चुना लावणे हेही येथे लसीइतकेच उपयोगी काम आहे.

खाद्याचे व निगेचे आजार

दुग्धज्वर या नावातच फसवणूक आहे. या आजारात ज्वर नसतो. उलट अंग व कान गार पडतात. अधिक दूध देणारी गाय व्याल्यानंतर बहुधा दोन-तीन दिवसांत बसते व मान कुशीकडे वळवून पडून राहते. रक्तातील चुना दुधावाटे एकाएकी घटणे हे त्याचे कारण. पशुवैद्यकाने शिरेतून चुन्याचे औषध दिल्यास तीच गाय काही तासांत उठून उभी राहते. पाहणाऱ्यास तो चमत्कार वाटतो.

पोळ्याच्या सणाला बैलास पुरणपोळी व शिजविलेले धान्य मनसोक्त चारण्याची प्रथा आहे. प्रेमाचा तो आविष्कार खरा. परंतु नेहमी कडबा खाणाऱ्या पोटात एकदम पिष्ट पडले की तेथे आम्ल वाढते, रवंथ बंद होते आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी बैल मलूल होतो. एक पोळी मानाची द्यावी, बाकी नैवेद्य माणसांनी खावा. लग्नघरचे उरलेले अन्नही असेच टाळावे. कोवळा लसूणघास उपाशी जनावरास भरपूर घातल्यास डावी कूस फुगते. वाळलेली वैरण आधी थोडी देऊन मगच हिरवा चारा घालावा. फुगलेल्या जनावरास गोडे तेल पाजताना जीभ ओढून धरू नये, आणि आडवे पडलेल्या जनावरास काहीही पाजू नये, कारण औषध फुप्फुसात उतरते.

नवे जनावर व शासनास सूचना

बाजारातून आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या घमेल्यावर ठेवावे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. साथीचा संशय येताच मालकाने ग्रामपंचायतीस किंवा जवळच्या पशुवैद्यकास कळविले पाहिजे व जनावर वेगळे ठेवले पाहिजे. २००९ च्या केंद्रीय अधिनियमाप्रमाणे अनुसूचीतील रोगांबाबत ते बंधनकारक आहे. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावरही पशुवैद्यकीय मदत मागता येते. पुष्कळ पशुपालक बाजार बंद पडेल या भीतीने रोग लपवितात. एके काळी गावेच्या गावे ओस पाडणारी बुळकांडी लस व सूचना या दोहोंच्या बळावरच हटली : भारत २००६ साली त्या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

लसीकरणाच्या दिवशी ग्रामकार्यकर्त्याने एवढे पाहावे : लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात आली आहे, प्रत्येक जनावरास सुई बदलली जाते, आणि साथ असलेल्या गावात शिरण्यापूर्वी भोवतालच्या निरोगी गावांतील गुरे टोचली गेली आहेत. टोचलेल्या गुरांची नोंद कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह करावी व पुढील मात्रेची तारीख पशुपालकाच्या हाती लिहून द्यावी.