देवाचा दरबार : रे. नारायण वामन टिळक यांच्या अखेरच्या वर्षांवरून एक धडा

वाचावयाचे भाग : प्रेषितांचीं कृत्यें २ : ४१–४७, १ करिंथ ९ : १३–१८.

मठ म्हटला म्हणजे सातारा जिल्ह्यांतील मनुष्यास सज्जनगड आठवतो. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतहि मठ व मठाधिपति होऊन गेले आहेत. त्यांपैकीं एकाचें वृत्त प्रथम पाहूं, आणि मग साताऱ्यांत ज्यांनीं भक्तांचा मेळा जमविला त्या रे. टिळकांकडे वळूं.

हल्लींच्या फ्रान्स देशाच्या दक्षिणेस, सुमारें ७४७ सालीं एका सरदाराच्या घरीं विटिझा नांवाचा मुलगा जन्मला. वयांत आल्यावर तो शार्लमेन राजाच्या पदरीं राहिला. इटलीच्या स्वारींत बुडत्या भावास वांचवितांना तो स्वतःच मरतां मरतां वांचला. तेव्हां त्यानें राजाचा दरबार सोडून संन्यास घेतला. बेनेडिक्ट या नांवानें तो पुढें प्रसिद्ध झाला. वडिलांच्या जमिनीवर आनिआन येथें त्यानें मठ स्थापिला. आरंभीं त्याचे नियम इतके कडक होते कीं, सोबती टिकेनात. म्हणून त्यानें सर्वांस झेपतील असे जुने सौम्य नियम स्वीकारले. दुष्काळांत उपाशी लोक दारीं आले, त्यांस त्यानें अन्न दिलें. पुढें लुई बादशहाच्या आश्रयानें राज्यांतील सर्व मठांस एकच शिस्त लावण्याचा यत्न त्यानें केला. ८२१ सालीं तो वारला. बादशाही हुकुमानें आलेली ती एकरूपता फार काळ टिकली नाहीं. परंतु त्याच्या भक्तीचा कित्ता पुढील पिढ्यांनीं गिरविला.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. रे. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षें अहमदनगरच्या बाजूस अमेरिकन मिशनमध्यें सेवा केली. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून ते साताऱ्यास आले व त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बेनेडिक्टानें राजाचा दरबार सोडला. टिळकांनीं नोकरी सोडून देवाचा दरबार भरविला. त्यांत राजा एकच, प्रभु येशू. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जो ख्रिस्ताचा शिष्य म्हणवितो त्यास त्यांत जागा होती. ख्रिस्त परदेशी पोशाखांत नव्हे, तर अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारें महाराष्ट्रास भेटावा, ही त्यांची तळमळ होती. या दरबारास ना जमीन होती, ना कोणा बादशहाचा आश्रय.

येथें गांवोगांवच्या उपदेशकांनीं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वेतन घेणें पाप नव्हे. शुभवर्तमान सांगणाऱ्याची उपजीविका त्यावर व्हावी असें पौल स्पष्ट शिकवितो. तरी त्यानें स्वतः तंबू करून पोट भरलें. कारण ऐकणारा पुष्कळदां आपला शब्द पगाराच्या तराजूंत तोलतो. “हा पोटासाठीं बोलतो,” असें गांवानें म्हटलें तर वाद घालून तें खोटें ठरत नाहीं. रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं आपण बसलों, भांडणांत मध्यें पडलों, दुष्काळांत आपली भाकर वांटून खाल्ली, तरच तें खोटें ठरतें.

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले. दरबारास दोन वर्षेंहि नीट लाभलीं नाहींत. मग तें कार्य व्यर्थ गेलें काय? त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें व तें १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांचीं पदें आजहि आपल्या उपासनेंत गाइलीं जातात. ज्यांस अक्षरओळख नाहीं अशा म्हाताऱ्या बायाहि तीं तोंडपाठ म्हणतात. मठाच्या भिंती पडतात, नियम सैल होतात. पण मनुष्याच्या मुखीं व वर्तनांत जें उतरलें तें राहतें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :

१. बेनेडिक्टानें आपले कडक नियम कां बदलले? आपल्या मंडळीचा कोणता नियम दुर्बळास जड जातो?

२. बाप्तिस्मा न घेतलेला, पण ख्रिस्तावर प्रीति करणारा शेजारी आपल्या भजनास आला, तर आपण त्यास कोठें बसवितों?

३. उद्यां उपदेशकाचें वेतन बंद झालें, तर आपल्या गांवांत प्रार्थना चालू राहील काय?