रेवतीचे वय : कुमारांसाठीची विज्ञान-प्रेमकादंबरी आणि मराठी परंपरा

विज्ञानकथा, प्रेमकादंबरी आणि कुमारसाहित्य हे तिन्ही वाङ्मयप्रकार मराठीत स्वतंत्रपणे रुजलेले आहेत. या तिहींचा संगम जिच्यात होतो ती कुमारवयीन वाचकांसाठीची विज्ञान-प्रेमकादंबरी मात्र मराठीत एक प्रवाह म्हणून आकाराला आलेली नाही. इंग्रजीत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा प्रकार विपुल लिहिला गेला आणि आवडीने वाचला गेला. मराठीतील या अभावाची कारणे कोणती आणि तो भरून काढण्याची बीजे मराठी परंपरेत कोठे आढळतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रकाराचे स्वरूप

या प्रकाराचे मर्म एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बेथ रेव्हिस यांच्या 'अक्रॉस द युनिव्हर्स' (२०११) या कादंबरीतील सतरा वर्षांची एमी आईवडिलांसह गोठवलेल्या अवस्थेत एका दूरच्या ग्रहाकडे निघाली आहे. प्रवास तीनशे वर्षांचा आहे. पण यान पोहोचण्यास पन्नास वर्षे असतानाच तिला जाग येते. आईवडील अजून गोठलेलेच आहेत. ते उठतील तेव्हा ती त्यांच्याहून वृद्ध झालेली असेल. तिचे एकटेपण आणि यानातच जन्मलेल्या मुलाविषयी तिला वाटू लागणारी ओढ, ही दोन्ही या एका वैज्ञानिक कल्पनेतून उगवतात.

यातून या प्रकाराची एक कसोटी हाती येते. कथेतील वैज्ञानिक कल्पना काढून घेतली असता प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर तेथे विज्ञान केवळ नेपथ्यापुरते आहे. उलट, प्रेम वगळूनही कथेचे काही बिघडत नसेल, तर ते प्रेम केवळ चवीपुरते आहे. दोहोंपैकी एक काढताच दुसरे कोसळावे, अशीच या प्रकाराची घडण असते.

२. मराठी विज्ञानकथेचा हेतू

मराठीत अशी घडण का झाली नाही, याचे एक कारण विज्ञानकथेच्या जन्मवृत्तात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत येऊ लागल्या, पुढे भा. रा. भागवतांनी त्या मुलांपर्यंत पोहोचवल्या. व्हर्नच्या या कथांचा प्राण साहसात आहे. त्यांत प्रणयाला फारसा वाव नाही. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या स्पर्धांनी विज्ञानकथालेखनाला चालना दिली. जयंत नारळीकरांनी १९७४ च्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या 'नारायण विनायक जगताप' या नावाने. त्यांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहाने या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. वैज्ञानिक दृष्टी रुजवणे आणि अंधश्रद्धा दूर करणे हा या धारेचा घोषित हेतू होता. तो मोलाचा होता यात शंका नाही. परंतु प्रबोधनाच्या या चौकटीत पात्र बहुधा कल्पनेचे वाहक बनते आणि त्याच्या भावजीवनाला दुय्यम स्थान मिळते.

दुसरे कारण कुमारसाहित्याच्या वयोमर्यादेत आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले 'किशोर' मासिक साधारणतः चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यानंतरचा वाचक थेट प्रौढांच्या कादंबरीकडे वळावा, असेच आपल्या वाङ्मयव्यवहाराने गृहीत धरलेले दिसते. पंधरा ते अठरा ही वर्षे या व्यवस्थेत निनावी राहिली. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडणाऱ्या वडीलधाऱ्यांना या वयातील प्रेमाचा उच्चारही अडचणीचा वाटे, हेही यामागे असावे.

ही अडचण ओलांडता येते याचा पुरावा मात्र मराठीतच आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गात घडते. मुकुंद जोशी याला शिरोडकरविषयी वाटणारी ओढ आणि भोवतालची शिस्त, दडपण, भीती यांची तिथे वीण घट्ट आहे. आणीबाणी वगळली तर ते प्रेम तेच राहणार नाही. 'शाळा'मध्ये जे कार्य राजकीय परिस्थिती करते, तेच विज्ञान-प्रेमकादंबरीत वैज्ञानिक कल्पनेने करावयाचे असते. म्हणजे उणीव कुवतीची नसून दोन प्रवाहांची गाठ न पडल्याची आहे.

३. रेवतीची कथा

या गाठीचे प्राचीन बीज पुराणांत आहे. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी योग्य वर विचारण्यास तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते. ते संपेपर्यंत दोघे थांबले. ब्रह्मदेवाने हसून सांगितले की, एवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली आहेत. राजाच्या मनात असलेले वर, त्यांचे पुत्र, नातू, कोणीही उरलेले नाही. मग रेवती बलरामास द्यावी असे ठरले. विष्णुपुराणानुसार मागच्या युगातली रेवती नव्या युगाच्या मानाने फार उंच होती, म्हणून बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खुजी केले.

स्थळानुसार काळाची गती बदलते ही कल्पना, तिचा विवाहावर होणारा परिणाम आणि त्या परिणामाची देहावर उमटणारी खूण, असे सारे घटक येथे आहेत. पुराणकथेला आधुनिक विज्ञान ठरवण्याचा मोह अर्थातच टाळला पाहिजे. हे साम्य कल्पनेच्या पातळीवरचे आहे, सिद्धान्ताच्या नव्हे. वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाची बाब निराळीच आहे. या कथेत ककुद्मी बोलतो, ब्रह्मदेव बोलतो, बलराम कृती करतो. रेवतीला काय वाटले, हे कोणी विचारीत नाही. तिच्या मैत्रिणी एका गाण्याच्या अवधीत नाहीशा झाल्या. परक्या युगात परक्या माणसाच्या मापाने तिला कमी करण्यात आले. कुमारवयीनांची विज्ञान-प्रेमकादंबरी म्हणजे हीच कथा रेवतीच्या मुखाने सांगणे होय.

सापेक्षतेच्या सिद्धान्तामुळे आजच्या लेखकाला या काळभेदाचे नेमके गणित उपलब्ध आहे. सतरा वर्षांच्या दोघांपैकी मुलगी प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने प्रवासास गेली आणि यानातील घड्याळाने ३ वर्षांनी परतली, तर पृथ्वीवर ५ वर्षे गेलेली असतील. ती २० वर्षांची, तो २२ वर्षांचा; एवढे अंतर संसारात सहज खपते. वेग ९९ टक्के असेल तर त्याच ३ वर्षांत येथे सुमारे २१ वर्षे उलटतील. ती २० चीच असेल, तो ३८ चा. वेगातला फरक १९ टक्क्यांचा, पण पहिल्या प्रसंगी पुनर्मीलन शक्य आहे, दुसऱ्या प्रसंगी वाट पाहण्याचा अर्थच पालटतो. तो वाट पाहत राहिला असेल तर तिच्यावर त्याच्या २१ वर्षांचे ऋण आहे काय, हा प्रश्न गणिताने निर्माण केला आहे. त्याचे उत्तर मात्र गणितात नाही.

४. पालीचा वाचक

अशा कादंबरीला येथे वाचक आहे काय, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील पाली डोळ्यांपुढे आणावी. बल्लाळेश्वराची रायगडातील पाली ती वेगळी. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणारी वाहतूकही येथून जाते. चाकरमान्यांच्या या मुलखात विरह हा घरोघरचा अनुभव आहे. एक माणूस मुंबईत, दुसरे गावी. गणपती आणि शिमगा हे भेटीचे ठरलेले बिंदू. दोन ठिकाणी काळ निरनिराळ्या गतीने चालतो, हे येथल्या मुलीला सूत्र शिकण्यापूर्वीच ठाऊक असते. परतलेला माणूस बदललेला असतो आणि थांबलेले माणूसही तेच राहिलेले नसते.

अकरावी-बारावीत सापेक्षतेची ओळख होऊ लागते त्याच वयात तिला पहिल्या प्रेमाची चाहूल लागते. रत्नागिरीत १८२८ पासूनची वाचनालयाची परंपरा आहे; तरीही या वाचकाला विज्ञान एका कपाटात आणि प्रेम दुसऱ्या कपाटात शोधावे लागते. दोन्ही एकत्र हवे असल्यास इंग्रजीकडे जावे लागते. भाषेच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. ज्या वयात वाचनाची भाषा कायमची ठरते, त्याच वयात मराठी तिला उत्तर देत नाही.

प्रबोधनवादी विज्ञानकथेने वाचकाला विचार करावयास शिकवले. 'शाळा'सारख्या कादंबरीने कुमारवयाच्या प्रेमाला प्रतिष्ठा दिली. हे दोन्ही वारसे एका लेखणीत एकत्र येणे, ही आता मराठी कादंबरीपुढील रास्त अपेक्षा ठरते. पुराणकाराने रेवतीला नव्या युगाच्या मापाची करून घेतले. तिची मूळ उंची राखून तिला बोलते करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.