तळाला फायबरग्लास नको

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. १९५१ची १८ फुटी क्रिस-क्राफ्ट रिव्हिएरा ही लाकडी बोट घेतली आहे. तळ गळतो. वरून फायबरग्लास चढवलं तर चालेल का?

उत्तर : कृपया चढवू नका. लाकूड भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं. फायबरग्लास त्याच्याबरोबर हलत नाही. थर सुटतो, पाणी आत कोंडतं आणि लाकूड नजरेआड कुजत राहतं. एवढी देखणी बोट अशी वाया जाऊ नये.

या बोटींचा तळ दुहेरी फळ्यांचा असतो, मध्ये कापड आणि लुकण. ते लुकण सत्तर वर्षांत वाळून निकामी होतं. म्हणून तळ उघडावाच लागेल. त्याआधी, बोट सुलटी असतानाच, आतून आडवे टेकू ठोकून आकार पक्का करा. ही पायरी गाळली तर फळ्या काढताच सांगाडा वाकेल आणि पुन्हा सरळ करणं महाकठीण. मग उलटी करून कील नि फासळ्यांमध्ये दाभण टोचा. सहज शिरलं तर तो भाग बदला.

काढलेला पितळी स्क्रू मोडून पाहा. आत गुलाबी, ठिसूळ दिसला तर जस्त निघून गेलंय. नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचेच घ्या. जुन्या फळ्या मात्र लगेच फेकू नका, नव्या महोगनीवर आखायला त्याच नमुना म्हणून लागतील.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, मास्क लावा, मुलांना गॅरेजबाहेर ठेवा. व्हार्निशचं सगळ्यात शेवटी बघू.