मद्य एकाएकी सुटते तेव्हा : यकृत आणि पहिले चार दिवस

पाय मोडला म्हणून दाखल झालेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस शांत असतो. तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात आणि तो सलाईनची नळी उपसून पळू पाहतो. नातेवाईक भुलीच्या औषधास दोष देतात. कोणी बाहेरची बाधा मानतो. वस्तुतः अनेक वर्षांचे रोजचे मद्यपान खाटेवर पडताच बंद झालेले असते, आणि संकोचापोटी ते डॉक्टरांना सांगितलेले नसते. हा प्रसंग कोणत्याही रुग्णालयास अपरिचित नाही.

मद्य मेंदूची उत्तेजना दडपते; मेंदू तोल सांभाळण्यासाठी ती वाढवीत राहतो. मद्य थांबताच ही वाढीव उत्तेजना मोकाट सुटते. कंप ६ ते २४ तासांत सुरू होतो, फेफरे बहुधा ४८ तासांच्या आत येते आणि तीव्र भ्रम दोन ते चार दिवसांनी उद्भवतो. उपचाराविना तो प्राणघातक ठरू शकतो.

यकृत आधीच बिघडलेले असेल तर पेच अधिक गहन होतो. सिरोसिस झालेले यकृत रक्तातील विषारी द्रव्ये दूर करू शकत नाही. त्यानेही रुग्ण बरळतो, पुढे गुंगीत जातो. दोन्ही अवस्था वरवर सारख्या दिसतात, परंतु पहिलीवर दिलेले शामक औषध दुसरीत घातक ठरू शकते. म्हणूनच घरी झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. रुग्णालयात लोराझेपामसारखे, यकृतावर तुलनेने कमी भार टाकणारे औषध बेताने देतात. ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचतात. त्याच्या अभावी मेंदूस कायमची इजा होऊ शकते.

या भीतीने मद्य सोडूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. यकृतात साठलेली चरबी मद्य वर्ज्य केल्यास काही आठवड्यांत बहुतांशी ओसरते. सिरोसिसचे व्रण सहसा पुसले जात नाहीत, तरीही मद्यत्यागाने आयुष्य वाढते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ते वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे.

दाखल करताना डॉक्टर विचारतात : काय घेता, किती, किती वर्षे, आणि शेवटचे केव्हा? ‘कधीतरी, थोडीशी’ हे उत्तर आम्ही फार ऐकतो. रुग्ण बोलत नसल्यास पत्नीने वा आईने डॉक्टरांना बाजूस घेऊन खरे सांगावे. विशेषतः शेवटच्या प्याल्याची वेळ. पुढील धोक्याचे तास तेथूनच मोजले जातात.