नुसतं 'सुडोमोनास' लिहिण्याआधी

मी कोकणपट्टीतल्या एका हॉस्पिटलची मायक्रोबायॉलॉजी लॅब सांभाळते. इथे पावसाळ्यात मेलिऑइडोसिस डोक्यात ठेवावाच लागतो. त्याचा जंतू, बर्कोल्डेरिया सुडोमॅलाय, भातखाचरांच्या मातीत राहतो. 1912 साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचं वर्णन केलं, तरी आजही तो दुसऱ्याच्या नावावर खपतो.

1. फॉर्मवर 'पू, कल्चर' एवढंच असेल तर वॉर्डात फोन लावावा. मधुमेह आहे का? शेतात काम? प्लीहेत किंवा यकृतात गळू? सिस्टर आधी वैतागतात, मग सांगतात.

2. प्लेट घाईने टाकून देऊ नये. पहिल्या दिवशी बारीक, गुळगुळीत ठिपके दिसतात; त्यांना 'कंटॅमिनंट' म्हणून कचऱ्याची वाट दाखवणं सोपं असतं. सुरकुतलेल्या, कोरड्या कॉलनी दिसायला तीन-चार दिवस जातात. तोवर ग्राम स्टेन नीट पाहावा: गुलाबी काड्या, टोकं गडद, मधला भाग फिकट, सेफ्टीपिनसारख्या.

3. सगळ्यात जास्त भरवसा माझा तीन डिस्कवर. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनच्या डिस्कला अगदी चिकटून वाढलाय, पण ऑगमेंटिनभोवती स्वच्छ वर्तुळ आहे, असं दिसलं की पेन खाली ठेवायचं. सुडोमोनास एरुजिनोसा सहसा नेमका याच्या उलट वागतो. (सारावाकमध्ये जेंटामायसिनला दबणारे प्रकारही सापडलेत, अपवाद कुठे नसतात!) महागड्या यंत्राची वाट न पाहता तालुक्याच्या लॅबलाही हे जमतं.

4. यंत्राचा शब्द अंतिम नाही. व्हायटेक याला कधी बर्कोल्डेरिया सेपेशिया म्हणतं. माल्डी-टॉफच्या यादीत हा जंतू नसेल, तर ते त्याच्या भाऊबंदाचं, थायलंडेन्सिसचं नाव पुढे करतं. अशा वेळी लॅटेक्स टेस्ट करावी किंवा कल्चर मोठ्या लॅबकडे पाठवावं.

5. प्लेट हुंगू नये. मातीचा वास येतो हे खरं, पण तो घेण्याच्या नादात जंतू छातीत जातो. शंका आली की पुढचं काम सेफ्टी कॅबिनेटमध्येच.

6. संशय असला तरी डॉक्टरांना तेव्हाच कळवावं. याला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान दहा-चौदा दिवस शिरेतून आणि पुढे को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या साधारण तीन महिने लागतात. 'सुडोमोनास' समजून आठवड्यात उपचार आटोपले, तर आजार उलटतो. छातीच्या एक्स-रेवर तो टीबीसारखाही दिसतो. म्हणून थुंकीत टीबीचा जंतू न सापडताच औषधं सुरू झालेला रुग्ण असेल, तर त्याचं कल्चर मी स्वतःहून मागवून घेते.