जमिनीखालील अरण्य

शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा विचार निघाला म्हणजे पैसा, यंत्रे, सुधारलेले बियाणे आणि कालवे ह्यांचीच यादी बहुधा डोळ्यांपुढे येते. ही साधने निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आफ्रिका खंडातील नायजर देशात गेल्या चाळीस वर्षांत जे घडले, त्यास ह्यांपैकी एकाचीही फारशी गरज पडली नाही. म्हणून ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी असे वाटते.

नायजरचा उत्तरेकडील बहुतेक भाग सहारा वाळवंटानेच व्यापलेला आहे. दक्षिणेस, नायजेरियाच्या सरहद्दीलगत, मराडी नावाचा प्रांत लागतो. तेथील हौसा शेतकरी मुख्यतः बाजरी व ज्वारी पिकवितात. म्हणजे देश दूरचा असला तरी धान्य आपल्या ओळखीचे. पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय तो पडतो, आणि तोही बेभरवशाचा. शेते मोकळी करण्यासाठी व सरपणासाठी झाडे तुटत गेली, आणि पुढे दुष्काळांनी उरलीसुरली नेली. आडोसा नाहीसा होताच वाऱ्याबरोबर येणारी वाळू कोवळी रोपे गाडून टाकी, व एकाच हंगामात दुबार, तिबार पेरणी करण्याचा प्रसंग येई. सरपण मिळेना म्हणून शेण जाळावे. शेण चुलीत गेल्यावर शेतास खत कोठून मिळणार?

टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ मिशनरी १९८१ साली ह्या भागात आले. रोपे लावून वने वाढविण्याच्या एका योजनेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. रोपे वाढवावी, लावावी, आणि उन्हाळ्यात ती मरताना पाहावी, असा क्रम चालला होता. लोकांनाही त्यात गोडी नव्हती. १९८३ साली एकदा रोपे घेऊन जाताना, वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरांतील हवा कमी करण्यास ते थांबले. तेथे एका खुरट्या झुडपाकडे त्यांनी निरखून पाहिले, तेव्हा ते झुडूप नसून तोडलेल्या वृक्षाच्या बुंध्यास फुटलेले धुमारे आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. अशी झुडपे शेतोशेती होती. वरचे खोड गेले होते, पण मुळे जिवंत होती; आणि खोल गेलेल्या मुळांना रोपाप्रमाणे हंडाभर पाण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रतिवर्षी पेरणीपूर्वी शेतकरी हे धुमारे छाटून जाळीत असत, इतकेच.

ह्यावर उपाय सोपा होता. शेतातील काही बुंधे निवडावे, प्रत्येकाचे सरळ व जोमदार असे चारपाच फुटवे राखावे, बाकीचे काढावे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटाव्या, आणि गुरांपासून त्यांचे रक्षण करावे. पुढे दरवर्षी एखादा फुटवा सरपणास तोडावा. हत्यार काय ते कोयता किंवा कुऱ्हाड, आणि ती प्रत्येक घरी असतेच.

तरीही सुरुवातीस थोडकेच शेतकरी पुढे आले. शेजाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, व राखलेली झाडे चोरीसही गेली. १९८४ च्या दुष्काळात, झाडे राखणाऱ्यास कामाच्या मोबदल्यात धान्य मिळू लागले, तेव्हा पुष्कळ लोक तयार झाले. धान्यवाटप थांबताच बरीचशी झाडे पुन्हा तुटली. मात्र ज्यांनी ती राखली, त्यांचे पीक सुधारलेले शेजाऱ्यांना दिसले, आणि मग शेतकऱ्याने शेतकऱ्यास शिकविण्याचे काम आपोआप सुरू झाले. आमच्या मते फुकटच्या धान्याने जे साधले नाही, ते बांधापलीकडच्या दृश्याने साधले.

ह्या हकीकतीचे मर्म मात्र कायद्यात आहे. फ्रेंच अमदानीपासून झाड हे सरकारची मालमत्ता समजले जाई. स्वतःच्या शेतातील झाड तोडले तर दंड. मग ते वाढवावे कोणी? उलट, कोवळेपणीच उपटून टाकणे शहाणपणाचे ठरे. मराडीतील वनाधिकाऱ्यांनी हा नियम कडकपणे न लावण्याचे मान्य केले, आणि राखणाराच झाडाचा धनी, ही भावना रुजली. मागाहून उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून, सुमारे वीस वर्षांत दक्षिण नायजरमधील ५० लक्ष हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वा कोटी एकर, जमिनीवर झाडे परतल्याचा अंदाज तज्ज्ञांनी केला.

ह्या झाडांत गाओ नावाचे एक झाड मोठे चमत्कारिक आहे. बाभळीच्या नात्यातील हे झाड पावसाळ्यात पाने गाळते व उन्हाळ्यात हिरवे होते. त्यामुळे बाजरी उभी असताना तिच्यावर सावली पडत नाही, पाचोळ्याने जमीन कसदार होते, आणि चाऱ्याच्या टंचाईत त्याच्या शेंगा गुरांच्या उपयोगी पडतात. सरपण शेतातच मिळू लागल्याने स्त्रियांची पायपीट वाचली, उरलेले सरपण बाजारात विकता येऊ लागले, व शेण पुन्हा शेताकडे वळले.

नायजर ह्यामुळे श्रीमंत झाला, असे कोणी समजू नये. तो आजही जगातील अत्यंत गरीब देशांत मोडतो, आणि पाऊस चुकला म्हणजे तेथे अद्यापि उपासमार होते. पण अशा वर्षी ज्याच्या शेतात झाडे आहेत, त्यास बियाणे विकावे लागण्यापूर्वी लाकडाच्या चार मोळ्या विकता येतात. रिनॉडो १९९९ साली तेथून परतले. शेतात राखलेल्या झाडांवरील शेतकऱ्याचा हक्क मात्र सरकारी हुकुमाने स्पष्टपणे मान्य होण्यास २०२० साल उजाडावे लागले.