जागेचे भाडे : ब्लॉकचेनवरील व्यवहारशुल्क

ब्लॉकचेनवर मध्यस्थ नसतो, म्हणून तेथे पैसे पाठविण्यास खर्चही नसतो, असा समज वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांतही मला आढळतो. दुसरा समज याच्या उलट आहे : शुल्क असते आणि ते रकमेच्या प्रमाणात वाढते. दोन्ही समज बाजूला ठेवल्याशिवाय हा विषय कळत नाही.

आपल्याकडे मनीऑर्डरचे कमिशन रकमेवर ठरे, तारेचे शुल्क मात्र शब्दांवर. आपली तारसेवा 2013 साली बंद झाली, तेव्हा आजच्या विद्यार्थ्याने तार पाहिलेली नसावी. पण वडीलधारी मंडळी एकेक शब्द कशी गाळीत असत हे त्याने ऐकले असेल. मजकूर लाखाच्या सौद्याचा असो की नुसत्या खुशालीचा, शब्द तितकेच तर दाम तितकेच. बिटकॉइनचे शुल्क या तारेच्या जातीचे आहे.

बिटकॉइन म्हणजे सर्वांना उघडी असलेली एक रोजकीर्द. तिचे एक पान, म्हणजे ब्लॉक, सरासरी दहा मिनिटांनी भरते. पानाचा आकार मर्यादित आहे : सुमारे दहा लाख ‘आभासी बाइट’. अगदी साधे व्यवहार लिहिले तरी एका पानावर सात हजारांच्या आसपासच मावतील. शुल्क हे या जागेचे भाडे होय.

आता एक उदाहरण घेऊ. एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सातोशी. एखाद्याजवळ एकदाच मिळालेले 5,00,000 सातोशी आहेत आणि त्याला 3,00,000 पाठवायचे आहेत. मिळालेली रक्कम अर्धवट मोडता येत नाही. ती अख्खी जमेस धरावी लागते. नोंदीत तो 3,00,000 दुसऱ्याच्या नावे आणि 1,98,590 सुटे म्हणून स्वतःच्या नावे लिहितो. राहिलेले 1,410 हे शुल्क! नोंदीत ‘शुल्क’ असा रकानाच नसतो. जमा आणि नावे यांतील फरक म्हणजे शुल्क. नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर अशी नोंद सुमारे 141 आभासी बाइटची होते, म्हणजे दर बाइटला 10 सातोशी पडला.

हेच पाच लाख त्याला दहा वेळा, थोडेथोडे करून मिळाले असते तर? दहाही जमा रकमा नोंदीत दाखवाव्या लागल्या असत्या. नोंद साडेसातशे बाइटच्या घरात गेली असती आणि त्याच दराने शुल्क साडेसात हजार सातोशी झाले असते. पाठविण्याची रक्कम तीच, पण शुल्क पाचपट! उलट, ज्याच्याजवळ एकच मोठी रक्कम आहे तो कोट्यवधी रुपयांचे मूल्य 1,410 सातोशींत पाठवील. माझ्या मते या पद्धतीतील खरी अडचण येथे आहे. किरकोळ रकमा जमविणाऱ्यावर भार जास्त पडतो, आणि काही रकमा तर इतक्या लहान असतात की त्या खर्च करण्याचे शुल्क त्यांच्या मूल्याहून अधिक भरते. अशा रकमेला ‘धूळ’ असे समर्पक नाव आहे.

दर कोणी ठरवीत नाही. व्यवहार प्रथम प्रतीक्षायादीत पडतो, आणि पान भरणारा मायनर, साहजिकच, दर बाइटला जास्त देणाऱ्यास आधी घेतो. गर्दी वाढली की दर चढतो, रात्रीतून उतरतोही.

इथेरियमवर मोजमाप निराळे. तेथे जागेऐवजी संगणकाचे श्रम मोजतात. एककाचे नाव ‘गॅस’. साधी रक्कम पाठविण्यास 21,000 गॅस लागतो. दर 20 ग्वेई धरला (ग्वेई म्हणजे इथरचा शंभर कोटीवा भाग) तर शुल्क 0.00042 इथर. करार-प्रोग्राम चालवायचा असेल तर गॅस कितीतरी जास्त. प्रोग्राम मध्येच फसला तरी झालेल्या श्रमाचा गॅस परत मिळत नाही, हे नवख्याला फार खटकते. पण श्रम झाले ते झालेच. ऑगस्ट 2021 पासून शुल्काचे दोन भाग आहेत. मूळ दर यंत्रणाच ठरविते : आधीचा ब्लॉक निम्म्याहून अधिक भरला तर दर वाढतो, कमी भरला तर घटतो, आणि हा फरक एका वेळी साडेबारा टक्क्यांपलीकडे जात नाही. हा भाग कोणालाच मिळत नाही. तो कायमचा नष्ट केला जातो. वर दिलेली बक्षिसी तेवढी ब्लॉक रचणाऱ्यास मिळते.

बिटकॉइनमध्ये मात्र सारे शुल्क मायनरचे. त्याला नव्या नाण्यांचे इनामही मिळते, पण ते 2,10,000 ब्लॉकांनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, निम्मे होते. एप्रिल 2024 मध्ये ते 6.25 वरून 3.125 बिटकॉइनवर आले. पुढे ते शून्याकडे जाईल आणि रोजकीर्दीच्या राखणीचा खर्च शुल्कातूनच निघावा लागेल. तेवढे शुल्क कायम जमेल काय? त्या एप्रिलमध्ये इनाम निम्मे झालेल्या पहिल्याच ब्लॉकमध्ये जागेसाठी एवढी झुंबड उडाली की शुल्कच 37 बिटकॉइनहून अधिक जमले, इनामाच्या बारापट. पण ती गर्दी काही दिवसांत ओसरली.